हौशी बिनतारी संचासाठीं बॅटरी व सौर पॅनेल यांची निवड

महापुराच्या किंवा वादळाच्या दिवसांत खेड्यास पहिली अडचण अन्नपाण्याची पडते व दुसरी निरोपाची. वीज बंद पडली म्हणजे मोबाईलचे मनोरे त्यांच्या बॅटऱ्या व जनित्रें चालतील तोंवरच चालतात. पुढें हातांतला फोन भरलेला असूनही निरुपयोगी होतो. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठच्या गांवांनीं, आणि ३ जून २०२० रोजीं आलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांतील गांवांनीं हा अनुभव घेतला आहे. अशा प्रसंगीं कोणत्याही मनोऱ्यावर अवलंबून नसलेलें एक साधन म्हणजे हौशी बिनतारी संच. त्यासच हॅम रेडिओ म्हणतात. २६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामीची लाट आली तेव्हां हैदराबाद येथील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ या संस्थेची एक तुकडी श्रीमती भारती प्रसाद यांच्यासह पोर्ट ब्लेअर येथें होती. अंदमान व निकोबार बेटांचें दळणवळण तुटलें असतां या तुकडीनें आपल्या संचांवरून निरोप पोंचविण्याचें काम केलें.

असा संच चालविण्यास परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. ज्या सभासदांच्या घरीं कोणी असा परवाना घेतला आहे किंवा घेण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठीं हा लेख आहे. संच कोणता घ्यावा याची चर्चा पुष्कळ होते. पण त्यास वीज कोठून द्यावी हा प्रश्न बहुधा शेवटीं राहतो. आमच्या मतें तो पहिला असावा. आपल्याकडील मोठे पूर पावसाळ्यांत येतात, आणि पावसाळ्यांत ऊन थोडें. सबब बॅटरी व पॅनेल यांचा हिशेब वैशाखांतल्या उन्हावर न करितां श्रावणांतल्या झडीवर केला पाहिजे. पुढील सर्व विवेचन या एका सूत्रास धरून आहे.

१. खर्चाचा अंदाज

पिकास पाणी किती लागेल हें ठरविल्यावांचून कोणी शहाणा शेतकरी पंप विकत घेत नाहीं. बॅटरीचेंही तसेंच आहे. बॅटरीची धारणा अँपिअर-तासांत सांगतात. एक अँपिअर प्रवाह एक तास घेतला म्हणजे एक अँपिअर-तास खर्च झाला. पाठीवरून नेण्याजोगा ५ ते १० वॅटचा संच नुसता ऐकत असतां सुमारें ०.३ ते ०.५ अँपिअर घेतो व बोलतांना २ ते ३ अँपिअर घेतो. घरांत ठेवण्याचा १०० वॅटचा संच ऐकतांना सुमारें १ अँपिअर, तर बोलतांना २० अँपिअरपर्यंत घेतो.

समजा, संकटकाळीं संच दिवसांतून १२ तास चालू ठेवावयाचा आहे व त्यांतील दहावा हिस्सा वेळ बोलण्यांत जाणार आहे. म्हणजे १०.८ तास ऐकणें व १.२ तास बोलणें. लहान संचास ऐकण्यासाठीं ०.४ अँपिअर व बोलण्यासाठीं २.५ अँपिअर धरले, तर खर्च अनुक्रमें ४.३ व ३ मिळून दिवसास ७.३ अँपिअर-तास होतो. मोठ्या संचाचा याच रीतीनें १०.८ व २४ मिळून सुमारें ३५ अँपिअर-तास होतो. बोलतांना आवाज सतत पूर्ण जोरानें जात नसल्यामुळें प्रत्यक्ष खर्च याहून कांहींसा कमी येईल. तथापि अंदाज वरचाच धरणें हिताचें.

येथें कोणी म्हणेल कीं, शंभर वॅटांच्या ठिकाणीं दहा वॅट वापरले तर आवाज पोंचणार कसा? परंतु शक्ति दहापट कमी केली तरी ऐकणाऱ्याच्या संचावरील मापकाची सुई दोन घरेंही खालीं येत नाहीं. अँटेनाची तार उंच व मोकळी बांधली, तर राज्यांतल्या राज्यांत दिवसां ४० मीटरच्या पट्ट्यावर दहा वॅटांत निरोप पोंचूं शकतो. सारांश, खर्च पांचव्या हिश्शावर येतो व गैरसोय त्या मानानें थोडी होते. जेथें वीज मोजून वापरावयाची तेथें लहान संच हाच शहाणपणाचा.

२. बॅटरीची जात

बहुतेक संच १३.८ व्होल्टवर चालण्यासाठीं बनविलेले असतात. त्यांपैकीं पुष्कळांस १५ टक्के कमीअधिक चालतें, म्हणजे सुमारें ११.७ पासून १५.९ व्होल्टपर्यंत. आपल्या संचाची मर्यादा त्याच्या माहितीपुस्तकांत पाहून घ्यावी व मगच बॅटरी निवडावी.

शिशाची बॅटरी स्वस्त, सर्वत्र मिळणारी व दुरुस्ती करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. तिचे दोष दोन. पहिला, ती निम्म्याहून खालीं वारंवार उतरविली तर तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. म्हणून पाटीवरील आंकड्याचा अर्धाच भाग आपला समजावा. पाटीवरील आंकडाही बहुधा २० तासांच्या संथ खर्चाचा असतो. ७ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ०.३५ अँपिअर वीस तास देणारी. प्रवाह अधिक ओढला म्हणजे मिळकत आणखी घटते. दुसरा दोष असा कीं, पूर्ण भरलेली असतां ती सुमारें १२.७ व्होल्ट व अर्धी रिकामी झाल्यावर सुमारें १२.२ व्होल्ट दाखविते; बोलण्यासाठीं कळ दाबतांच व्होल्ट आणखी उतरतात आणि बॅटरींत वीज शिल्लक असूनही संच कुरकुर करूं लागतो.

लिथियम-लोह-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी ही आजच्या घडीस फिरत्या संचासाठीं सर्वांत योग्य होय. तिच्यांत प्रत्येकीं ३.२ व्होल्टचे चार घट असतात व एकूण १२.८ व्होल्ट होतात. बहुतेक वीज संपेपर्यंत तिचे व्होल्ट तेराच्या आसपास टिकून राहतात. धारणेपैकीं ९० टक्क्यांपर्यंत वीज वापरतां येते, वजन शिशाच्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी असतें, आणि नीट वागविल्यास ती दोन हजारांहून अधिक वेळां भरतां येते. किंमत अधिक पडते हें खरें. पण वर्षें वांटून पाहिलें असतां ती महाग ठरत नाहीं. घेतांना आंत बीएमएस नांवाचें रक्षक मंडळ आहे कीं नाहीं, व तें आपल्या संचाचा प्रवाह सोसतें कीं नाहीं, हें अवश्य विचारावें.

फोन व लॅपटॉप यांत वापरतात त्या साध्या लिथियम-आयनच्या बॅटऱ्या वजनास याहूनही हलक्या. परंतु त्यांचे तीन घट जोडले तर पूर्ण भरल्यावरही १२.६ व्होल्टच होतात, आणि चार जोडले तर १६.८ होऊन संच जळण्याचें भय असतें. शिवाय मार लागला किंवा भरण्यांत चूक झाली तर त्या एलएफपीपेक्षां लौकर पेट घेतात. ज्या संचाबरोबर कारखान्यानेंच अशी बॅटरी दिली आहे तेथें ती वापरावी. स्वतः जोडाजोड करूं नये.

३. शेतावर असलेल्या बॅटऱ्या व पॅनेलें

शेतकऱ्याच्या घरीं कांहीं साधनें आधींच असतात. पाठीवरच्या फवारणी पंपांत पुष्कळदां १२ व्होल्ट ८ अँपिअर-तासांची बंद शिशाची बॅटरी असते. तिच्यांतील निम्मी वीज धरली तर लहान संच सहा तासांच्या वर चालतो. निकडीच्या वेळीं हा मोठा आधार आहे. मात्र जोडण्यापूर्वीं धन व ऋण टोंकें मीटरनें तपासावीं व औषधाचा अंश पुसून काढावा. ट्रॅक्टरची बॅटरी इंजिन सुरू करण्यासाठीं घडविलेली असते. थोडा वेळ मोठा प्रवाह देणें हें तिचें काम. तिच्यावरून संच चालवितां येतो, पण ती खोलवर उतरविली तर उद्यां ट्रॅक्टर सुरू होणार नाहीं, हें विसरूं नये.

सौर कृषिपंपाच्या पॅनेलांविषयीं मात्र आम्ही स्पष्ट इशारा देतों. पीएम-कुसुम योजनेंतून अशीं पॅनेलें आतां अनेक शेतांवर आहेत. तीं एकामागें एक जोडलेलीं असून त्यांच्या टोंकांशीं कांहीं शें व्होल्टांचा एकदिश प्रवाह असतो. बॅटरी भरण्यासाठीं त्या तारांस हात घालणें म्हणजे प्राणाशीं गांठ आहे. संचासाठीं पॅनेल निराळेंच घ्यावें.

४. पॅनेल किती मोठें

पॅनेलावर लिहिलेले वॅट स्वच्छ, प्रखर उन्हांत मोजलेले असतात. अशा पूर्ण उन्हाचे किती तास दिवसांत भरतात यावर मिळकत ठरते. महाराष्ट्रांत चैत्र-वैशाखांत हे तास सहाच्या आसपास, आषाढ-श्रावणांत सरासरीनें तीन-चार व दाट झडीच्या दिवशीं एकच तास धरावा. उष्णता, धूळ व भरण्यांतील नुकसान मिळून ३० टक्के वजा करावे.

५० वॅटच्या पॅनेलाचा हिशेब असा: वैशाखांत ५० गुणिलें ६, त्यांतून ३० टक्के वजा जातां २१० वॅट-तास, त्यांस १२.८ नें भागलें असतां १६ अँपिअर-तास. श्रावणांत साडेतीन तास धरून सुमारें साडेनऊ. झडीच्या दिवशीं अवघे २.७. आपला रोजचा खर्च ७.३ आहे. म्हणजे वैशाखांत दुप्पट मिळकत, श्रावणांत बेताची, आणि जेव्हां संचाची खरी गरज तेव्हां निम्म्याहूनही कमी.

तीन दिवसांची झड धरूं. खर्च २२ अँपिअर-तास, पॅनेलाची मिळकत ८; राहिलेले १४ बॅटरीनें द्यावे लागतील. २० अँपिअर-तासांच्या एलएफपी बॅटरींतून १८ मिळतात. म्हणजे गरज भागून चार उरतात. हेंच काम शिशाच्या बॅटरीनें करावयाचें तर निम्माच भाग वापरावयाचा असल्यामुळें निदान ३० ते ३५ अँपिअर-तासांची लागेल व तिचें वजन दहा किलोच्या घरांत जाईल. घरांत एका जागीं ठेवावयाची असल्यास ती चालेल. पाण्यांतून वाट काढीत माळवदावर किंवा टेकडीवर न्यावयाची असल्यास चालणार नाहीं. पैसे थोडे असतील तर ते पॅनेल मोठें घेण्यापेक्षां बॅटरी मोठी घेण्यांत घालावे, असा या हिशेबाचा निष्कर्ष निघतो. पावसाळ्यांत पॅनेल भर घालतें; भार मात्र बॅटरीच वाहते.

५. चार्ज कंट्रोलर व त्याची खरखर

१२ व्होल्टचें म्हणून विकलें जाणारें पॅनेल मोकळें असतां २१-२२ व्होल्ट देतें. तें बॅटरीस थेट जोडूं नये. मध्यें चार्ज कंट्रोलर पाहिजे. त्याचे दोन प्रकार आहेत. पीडब्ल्यूएम हा साधा व स्वस्त असून पॅनेलास बॅटरीच्या व्होल्टवर खेंचून आणतो. त्यांत कांहीं वीज वायां जाते. एमपीपीटी हा पॅनेलाच्या सर्वोत्तम बिंदूवर वीज घेऊन ती बॅटरीजोगी करून देतो व मिळकत वाढवितो. कोणताही घ्या, त्यावर एलएफपीसाठीं निराळी नेमणूक असावी. चार घटांची ही बॅटरी १४.२ ते १४.६ व्होल्टपर्यंत भरावयाची असते.

आतां बिनतारी संचापुरती एक विशेष गोष्ट. कंट्रोलरमधील जलद उघडझांप रेडिओच्या लहरींवर खरखर उत्पन्न करिते; हलक्या प्रतीच्या एमपीपीटींत हा दोष फार आढळतो. दिवा लावण्यास असा कंट्रोलर उत्तम, पण संचावर दूरचा क्षीण आवाज त्याखालीं बुडून जातो. विकत घेतांनाच परीक्षा करावी: उन्हांत सर्व जोडून संच ७ मेगाहर्ट्झच्या आसपास मोकळ्या जागीं लावावा व पॅनेलाची तार काढून-घालून ऐकावें. तार काढतांच खरखर थांबली तर दोष कंट्रोलरचा. दोन्ही बाजूंच्या तारांस फेराइटचीं कडीं घालावीं, कंट्रोलर अँटेनापासून दूर ठेवावा. तरीही न भागल्यास महत्त्वाचा निरोप ऐकतांना पॅनेल सोडवून ठेवावें.

६. तारा, फ्यूज व जपणूक

१२ व्होल्टांत बारीक तार म्हणजे गळका पाट. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेनें बॅटरी संचापासून तीन मीटरवर ठेविली, तर जाऊन-येऊन सहा मीटर तार होते. २० अँपिअर ओढले असतां त्या तारेंतच सुमारें १.४ व्होल्ट गळतात. अडीच अँपिअरला ही गळती ०.२ व्होल्टहूनही कमी. म्हणून तार जाड व आंखूड असावी. धन टोंकाशीं अगदीं लागून फ्यूज घालावा. तारेस उंदरानें कुरतडलें तरी आग लागूं नये हा त्याचा हेतु.

एलएफपी बॅटरी गोठणबिंदूखालीं असतां भरूं नये. आपल्याकडे मात्र भय थंडीपेक्षां उन्हाचें. ती पॅनेलाच्या पाठीशीं किंवा बंद मोटारींत ठेवूं नये. महिनोन्महिने वापरावयाची नसेल तर अर्धी भरून सावलींत ठेवावी व मृगापूर्वीं पूर्ण भरावी. शिशाची बॅटरी याच्या उलट नेहमीं भरलेलीच ठेवावी.

शेवटीं आमची एक सूचना आहे. पावसाळा लागण्यापूर्वीं एक दिवस घरची वीज बंद समजून संच फक्त या बॅटरीवर बारा तास चालवावा. सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं व्होल्ट मोजून वहींत लिहावे. पावसाळ्यांतील एखाद्या अभ्राच्छादित दिवशीं हाच प्रयोग पॅनेल जोडून करावा. कागदावरचा हिशेब व वहींतले आंकडे जुळले तर तयारी पुरी झाली. न जुळले तर कोठें गळती आहे तें शोधण्यास अवधि आहे. पूर गांवांत शिरल्यावर तो अवधि मिळत नाहीं.