रानटी टोमॅटोची देणगी

(शेताच्या कडेला किंवा डोंगरात उगवणाऱ्या रानटी झुडपांकडे आपण ढुंकूनही पाहत नाही. पण अशा झुडपांत कधीकधी फार मोठा खजिना दडलेला असतो. रानटी टोमॅटोची ही खरी हकीकत वाचल्यावर ते तुमच्या लक्षात येईल.)

सालन असो, आमटी असो की कोशिंबीर असो, टोमॅटो हवाच. पण हे फळ मूळचे आपल्या देशातले नाही. टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत आहे. तेथील अँडीज पर्वताच्या उतारांवर आणि पेरू, एक्वादोर व चिली या देशांत टोमॅटोचे रानटी भाऊबंद आजही उगवतात. मेक्सिकोतील लोक टोमॅटोची लागवड करत. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो युरोपात नेला. पुढे पोर्तुगिजांबरोबर तो भारतात आला.

या लांबच्या प्रवासात प्रत्येक वेळी थोडेच बी पुढे गेले. बाकीचे मागे राहिले. शिवाय लोकांनी मोठी आणि लाल फळे पाहून त्यांचेच बी पुन्हा पुन्हा पेरले. त्यामुळे फळ सुधारले. पण रोगांशी झुंजण्याचे आणि कठीण हवामान सोसण्याचे अनेक गुण मागेच राहिले. ते गुण रानटी टोमॅटोंनी मात्र जपून ठेवले होते.

१९६२ सालची गोष्ट. ह्यू इल्टिस आणि डॉनल्ड युजेंट हे दोन अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ पेरू देशात रानटी बटाटे शोधत फिरत होते. अबानकाय या डोंगरी गावाच्या परिसरात त्यांना टोमॅटोच्या जातीचे एक झुडूप दिसले. त्याची फळे बोराहूनही लहान आणि हिरवी होती. बाजारात ती कोणी फुकटही घेतली नसती. तरीही त्या दोघांनी झुडपाचा नमुना वाळवून ठेवला, त्याला ८३२ हा क्रमांक दिला आणि फळांतले बी जपून ठेवले. या बियांचा पुढे काय उपयोग होईल, हे त्यांना मुळीच ठाऊक नव्हते.

त्यांनी ते बी कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स रिक यांच्याकडे पाठवले. रिक हे टोमॅटोचे मोठे अभ्यासक होते. त्यांनी बी पेरले, फळे तपासली आणि त्यांना आढळले, की या लहानशा हिरव्या फळात साखर भरपूर आहे. मग त्यांनी या रानटी टोमॅटोचा नेहमीच्या टोमॅटोशी संकर केला. त्यातून आलेल्या रोपांतील चांगली रोपे निवडून त्यांचा नेहमीच्या टोमॅटोशी पुन्हा संकर केला. असे सुमारे दहा पिढ्या चालले. शेवटी मोठी, लाल आणि अधिक गोड फळे हाती आली.

नेहमीच्या टोमॅटोच्या १०० ग्रॅम रसात साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ मिळून साधारण ५ ग्रॅम असतात. नव्या टोमॅटोत ते प्रमाण ७ ग्रॅमच्या आसपास गेले. हा फरक तुम्हांला किरकोळ वाटेल. पण सॉस करताना टोमॅटोतील पाणी आटवावे लागते. पाणी कमी असेल, तर इंधन वाचते आणि तेवढ्याच फळांपासून अधिक सॉस होतो. १९७६ साली रिक यांनी या रानटी टोमॅटोची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली.

रिक यांनी गालापागोस बेटांवरील रानटी टोमॅटोंचाही अभ्यास केला. त्यांचे बी पेरले, तर ते सहसा उगवतच नसे. त्या बेटांवर प्रचंड मोठी कासवे राहतात. रिक यांनी अशा कासवांना ती फळे खाऊ घातली. एक ते तीन आठवड्यांनी कासवांच्या विष्ठेतून बी बाहेर पडले आणि ते चांगले उगवले! यांतील काही टोमॅटोंच्या देठाला सांधा नसतो. त्यामुळे तोडताना फळाला देठाचा तुकडा चिकटून राहत नाही आणि तो इतर फळांना टोचत नाही. यंत्राने तोडणी करताना हा गुण फार उपयोगी पडतो.

आपल्या देशातही रानटी टोमॅटोचा उपयोग झाला आहे. पांढरी माशी पिकावर एक विषाणू पसरवते. त्यामुळे टोमॅटोची पाने मुरडतात, झाड खुरटते आणि शेतकऱ्याची सारी मेहनत वाया जाते. हिसार येथील हरियाणा कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी एका केसाळ रानटी टोमॅटोतील प्रतिकारशक्ती लागवडीच्या टोमॅटोत आणली. त्यातून ‘हिसार अनमोल’ हे वाण तयार झाले.

रिक यांचे २००२ साली निधन झाले. त्यांच्या नावाचे बियाणे केंद्र डेव्हिस येथे आहे. तेथे टोमॅटोचे हजारो नमुने जपले आहेत आणि जगभरच्या संशोधकांना तेथून बी मिळते. परंतु सर्वच बी आपण गोळा केलेले नाही. शेती, घरे आणि गुरांची चराई वाढली, की रानटी झुडपे नाहीशी होतात. गालापागोस बेटांवर पूर्वी जेथे रानटी टोमॅटो आढळले होते, त्यांपैकी काही ठिकाणी आता ते दिसत नाहीत. कारखाना मोडला तर पुन्हा बांधता येतो. पण एखादी वनस्पती कायमची नष्ट झाली, तर ती कोणालाही पुन्हा निर्माण करता येत नाही. आज निरुपयोगी वाटणारे झुडूप उद्याच्या पिकाला वाचवू शकते. म्हणून त्याचा उपयोग कळेपर्यंत तरी ते टिकले पाहिजे.

शब्दार्थ
देणगी – भेट. भाऊबंद – नातेवाईक. संकर – दोन निराळ्या जातींचा संयोग. वाण – पिकाचा प्रकार. खुरटणे – वाढ थांबणे. प्रतिकारशक्ती – रोगाशी लढण्याची ताकद.

स्वाध्याय
१. टोमॅटोचे मूळ घर कोठे आहे?
२. चार्ल्स रिक यांनी रानटी टोमॅटोपासून गोड फळे कशी मिळवली?
३. कारण सांगा : सॉससाठी कमी पाण्याचा टोमॅटो चांगला.
४. तुमच्या परिसरातील एका रानटी झाडाची माहिती घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच वाक्यांत लिहा.