पी. बी. रोडवरचे थांबे : एक अभ्यास

रस्त्याकडेची स्थळे उगीच निर्माण होत नाहीत. प्रवाशाला जेथे थांबावेच लागते, तेथे आधी झाड, विहीर, देऊळ आणि मग बाजार उभा राहतो. हे पडताळून पाहण्यास आपल्या दारावरून जाणारा पुणे-बंगळूर रस्ता सोयीचा आहे. या लेखापुरता मी त्याचा निपाणी ते बेळगाव एवढाच भाग घेतो.

कागल सोडल्यावर दूधगंगा आणि पुढे वेदगंगा ओलांडून रस्ता निपाणीस येतो. सभोवतालच्या शिवारातील तंबाखूने हा बाजार मोठा केला. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी याच रस्त्यावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलीस गोळीबार झाला व शेतकरी प्राणास मुकले. ज्या रस्त्याने माल जातो, तोच अडवला तर गाऱ्हाणे ऐकू जाते, हे त्यांनी ओळखले होते.

निपाणीपुढे स्तवनिधीचा घाट लागतो. पायथ्याशी पार्श्वनाथ व ब्रह्मदेव यांचे जैन क्षेत्र आहे. भरल्या गाडीचे बैल चढणीपूर्वी येथे सोडले जात असतील, असे माझे अनुमान आहे. पुढे हिरण्यकेशीकाठी संकेश्वर येते. तेथे शंकरलिंगाचे देवालय व शंकराचार्यांचा मठ आहे. जवळचा वल्लभगड वाटेवर नजर ठेवण्यासाठीच जणू उभा आहे. नदी, घाट आणि गड ही थांब्याची तीन कारणे येथे काही कोसांत सापडतात.

बेळगावच्या अलीकडील काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर. १८२४ साली इंग्रजांशी त्या ज्या कित्तुरात लढल्या, ते सासरही याच रस्त्यावर, बेळगावच्या पुढे आहे. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आणि साफा मशीद आहेत. रट्ट राजवटीतील बेळगावचे १२०४ चे दोन कन्नड शिलालेख मात्र आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. टिळकवाडीत १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर आहे. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन होय.

सुवर्ण चतुष्कोन योजनेत हा रस्ता चौपदरी झाला, आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ४ चा ४८ झाला. वेग वाढला, अपघाताची भीती असलेली गर्दी गावाबाहेर गेली, हा लाभ नाकारण्याचे कारण नाही. परंतु उड्डाणपुलावरून जाणाऱ्यास गाव म्हणजे हिरव्या पाटीवरील एक नाव उरले. गावात राहिलेल्या जुन्या रस्त्याला लोक अजून ‘पी. बी. रोड’च म्हणतात. थांब्यांची स्मृती त्या दोन अक्षरांत टिकून आहे.

देवळे व किल्ले यांची नोंद ग्रंथांत मिळते. गाड्या कोठे सुटत, एस. टी. कोठे थांबे, चहाचे पहिले दुकान कोणाचे, हे मात्र वृद्धांच्या तोंडीच आहे, आणि दरवर्षी त्यांतील काही तोंडे कायमची मिटतात. म्हणून माझी सूचना अशी : मराठी व कन्नड विभागांतील विद्यार्थ्यांनी जोडीने एकेक गाव घ्यावे. ज्या घरात जी भाषा बोलली जाते, त्या भाषेत विचारावे आणि दोन्ही भाषांत लिहून काढावे. सुटीचे आठ दिवस या कामाला पुरेत.