स्पीकर चांगलाय, दार फुटकंय

उसाच्या हंगामात गंगाखेड किंवा पाथरीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे अडकायची वेळ आली की एक गोष्ट कानात भरते. ट्रॅक्टरवरचा डेक साधा, स्पीकर कुठल्या कंपनीचा ते मालकालाही सांगता येणार नाही, पण ढोलकीचा ठोका थेट छातीत जाणवतो. मागच्या कारमध्ये त्याच्या चौपट किमतीचे स्पीकर असतात आणि तरी आवाज चिरका येतो. दोष स्पीकरचा नसतो. ट्रॅक्टरवाल्याने सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलेलं असतं, सगळीकडून बंद. कारवाल्याचं खोकं म्हणजे त्याच्या गाडीचं पुढचं दार, आणि त्या दाराच्या आत काय चाललंय हे बघायला कुणीच गेलेलं नसतं.

परभणीत काही 'चांगलं काम' करून घ्यायचं म्हटलं की आपण नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठतो. मीही माझ्या हॅचबॅकचे पुढचे स्पीकर असेच एका मोठ्या शहरातल्या दुकानात बदलून घेतले. दुकान एसीचं, भिंतीवर फळीत बसवलेल्या स्पीकरांची रांग. मालकाने बटण दाबलं, त्यातल्या एका जोडीने असा दणका दिला की पुढे विचारायचं काही उरलं नाही. साडेसहा इंची कम्पोनंट सेट, म्हणजे दारात वूफर, वर आरशाजवळ वेगळा ट्वीटर आणि दोघांत आवाजाची वाटणी करणारा क्रॉसओव्हर. चहा पिऊन होईपर्यंत एक दार झालंसुद्धा. घाईचं काम कसं असतं ते मला घरी आल्यावर कळलं.

परतीच्या वाटेवरच बेस गायब होता. कंपनीतून आलेल्या स्पीकरमध्ये होता तेवढाही नाही. ट्वीटर मात्र कान कोरत होते. काही दिवसांनी ड्रायव्हरच्या बाजूची काच शेवटची बोटभर खाली जाताना 'कर्र' करायला लागली. आणि जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर डाव्या पायपुसण्याखाली पाणी. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, "सर, नवीन स्पीकर आहेत, थोडे वाजल्यावर मोकळे होतील." स्पीकर वाजून थोडे मोकळे होतात हे खरं, पण पायाखाली पाणी आणत नाहीत.

शेवटी दार उघडलं ते परभणीतच, वसमत रोडला बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे. आयुष्यभर टेप, ॲम्प्लिफायर आणि ट्रॅक्टरचे डेक दुरुस्त करत आलेला माणूस. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. हँडलच्या खाचेतलं झाकण काढून त्यांनी स्क्रू सोडवला, प्लास्टिकच्या पट्टीने डोअर पॅडच्या क्लिपा एकेक करून उचकवल्या, पॅड वर उचलून बाजूला ठेवलं आणि आत टॉर्च मारला. मला म्हणाले, "साहेब, स्पीकर चांगलाय. दार फुटकंय."

आत जे दिसलं ते सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या दारात हेच असतं. कंपनीच्या स्पीकरला प्लास्टिकची उंच चौकट असते, तिच्यामुळे तो पत्र्यापासून थोडा बाहेर राहतो. नव्या स्पीकरची चौकट पातळ आणि चुंबक जाड. मधे रिंग न घालता तो सरळ पत्र्यावर आवळलेला होता, त्यामुळे काच पूर्ण खाली आली की चुंबकाला घासत होती; काचेवर चंद्रकोरीसारखा ओरखडा पडलेला दिसत होता. चारपैकी दोनच स्क्रूंनी पत्रा धरला होता. स्पीकरच्या कडेने बोट आत जाईल एवढी फट. पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा हात आत घालता यावा म्हणून ब्लेडने फाडून तसाच लोंबत सोडलेला. आणि कंपनीचा कपलर छाटून तारा नुसत्या पिळून वर काळी टेप, जिचा डिंक आधीच पाघळायला लागला होता.

यातली सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ती फट. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोर हवेचा दाब वाढतो आणि त्याच क्षणी मागे कमी होतो. खालच्या सुरांत या दोन्ही लाटा फटीतून एकमेकींना भेटतात आणि एकमेकींना संपवतात. ट्वीटरच्या बारीक आवाजाला याने फरक पडत नाही, म्हणून तो तेवढा कर्कश होऊन शिल्लक राहतो. दुकानाच्या भिंतीवर स्पीकर जाड फळीत घट्ट बसवलेला असतो. तिथे तो गाजणारच. तेव्हा शोरूममध्ये ऐकलेल्या बेसवर स्पीकर निवडू नका. तो बेस फळीचा असतो.

बेस जाण्याचं दुसरं कारण उलटी जोडणी. कपलर छाटल्यावर रंगांचा अंदाज घेऊन तारा जोडल्या की एका बाजूचा प्लस-मायनस उलटा व्हायला वेळ लागत नाही. मग डावा स्पीकर पुढे येतो तेव्हा उजवा मागे जातो आणि बेस गाडीतल्या गाडीत विरतो. घरबसल्या तपासायचं असेल तर डेकवर बॅलन्स पूर्ण एका बाजूला न्या, नंतर मधोमध आणा. एकाच बाजूला असताना बेस भरीव आणि मधोमध आणल्यावर पोकळ वाटला, तर जोडणी उलटी आहे असं समजा. चाचांची रीत अजून सोपी. वूफरच्या तारांना दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवायचा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला लागला तर पडदा बाहेर येतो, उलट लागला तर आत जातो. माझा डावा आत गेला.

पाणी कुठून येतं हेही नीट समजून घ्या. काचेच्या कडेने पावसाचं पाणी दारात शिरतंच, ते शिरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. पाणी आतल्या आत खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. तो प्लास्टिकचा पडदा पाण्याला डोअर पॅडकडे येऊ देत नाही. पडदा फाटला की पाणी पॅडवरून तुमच्या पायाशी. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ आणि चिखल त्या तळाच्या भोकांत बसून घट्ट होतो, ते वेगळंच. स्पीकर बदलायला दार उघडलंच आहे तर तारेने ती भोकं मोकळी करून घ्या, आणि डॅम्पिंगची शीट त्यांच्यावर चिकटवू देऊ नका. नाहीतर पाणी साचून दार खालून सडतं.

डॅम्पिंग म्हणजे पत्र्याची थरथर मारायला आतून लावायची जड, चिकट शीट. बाहेरच्या पत्र्याला आतून लावायची, मग आतल्या पत्र्याची मोठी भोकं बंद करायची. एवढं झालं की दाराचं खोकं झालं. पण इथे परभणीकराने दोन पैसे वाचवायला जाऊ नये. छपराची गळती थांबवायच्या डांबरी पट्ट्या दिसायला सारख्याच असतात, चंदेरी कागदसुद्धा तसाच, आणि स्वस्त मिळतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44-45 वर जातो; उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून किती तरी जास्त तापतो. डांबर मऊ होऊन घसरतं, काचेच्या यंत्रणेवर ठिबकतं आणि गाडीत वास भरून राहतो. ब्यूटिल रबराचीच शीट मागा आणि हात लावून बघा, वास घ्या. लावायच्या आधी पत्रा धूळ-तेल जाईपर्यंत पुसला पाहिजे आणि शीट रोलरने दाबली पाहिजे. हाताने थोपटून लावलेली शीट पावसाळ्यात सुटते.

रिंगचंही तसंच. एमडीएफची रिंग स्वस्त आणि कापायला सोपी, पण ओल लागली की फुगते. प्लास्टिकची किंवा वॉटरप्रूफ प्लायची कडेने रंगवलेली रिंग घ्या. किती जाड हवी ते आधी मोजा: काच पूर्ण खाली घेऊन पत्र्यापासून काचेपर्यंतचं अंतर, आणि स्पीकरच्या खोक्यावर छापलेली खोली. दोन्हींत निदान 5-6 मिलिमीटरची मोकळीक राहील एवढी रिंग. मग रिंगच्या मागे-पुढे फोमची पट्टी. फार जाड केलीत तर डोअर पॅड बसणार नाही, तेव्हा तेही लावून बघायचं.

आता निवडीचं. खोक्यावर 300 वॅट, 500 वॅट असं मोठ्या अक्षरांत असतं, ते सोडून द्या. लहान अक्षरांतला आरएमएस, म्हणजे सतत झेपणारे वॅट, बघा. तीच गोष्ट डेकची. '50 गुणिले 4' लिहिलेल्या डेकच्या मागे बहुतेक वेळा 10 ॲम्पिअरचा फ्यूज असतो. इंजिन चालू असताना गाडीत साधारण 14.4 व्होल्ट असतात. दोन्हींचा गुणाकार 144 वॅट. म्हणजे आत एवढे वॅट घेणारा डेक बाहेर सतत 200 वॅट कुठून देणार? साध्या डेककडून एका स्पीकरला 18-20 वॅट स्वच्छ मिळाले तरी भरपूर. त्यामुळे वेगळा ॲम्प्लिफायर लावणार नसाल तर 100 वॅट आरएमएसचा भारी स्पीकर तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला बघायची आहे सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये लिहिलेलं. 3 डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद. डेकवर चालवायचा तर 90च्या पुढचा शोधा. त्यातही काही कंपन्या हा आकडा 1 वॅटला मोजतात तर काही 2.83 व्होल्टला; 4 ओमच्या स्पीकरला दुसऱ्या पद्धतीने आकडा 3 डेसिबल जास्त दिसतो. तुलना करताना पद्धत एकच असल्याची खात्री करा.

ओम 4च ठेवा. एकाच वायरवर दोन स्पीकर समांतर जोडून द्यायची युक्ती कुणी सुचवली तर नको म्हणा. 2 ओमचा भार साधा डेक फार दिवस सोसत नाही. पडद्याची कडा फोमची नको, रबराची हवी. उन्हाने फोमचा भुगा होतो.

कम्पोनंट की कोॲक्सिअल, हा वाद तासन्‌तास चालतो. माझं मत सरळ आहे. ट्वीटरला नीट जागा असेल आणि फिटर वेळ देणार असेल तर कम्पोनंट. नसेल तर मधोमध ट्वीटर असलेला कोॲक्सिअल, नीट बसवलेला, घाईत बसवलेल्या कम्पोनंटपेक्षा केव्हाही बरा. ट्वीटरसाठी काचेच्या बाजूचा खांब खोलायला निघालेल्या फिटरला मात्र आधी थांबवा. गाडीला कर्टन एअरबॅग असेल तर तिचा पुढचा भाग तिथेच असतो. पिवळ्या रंगाचा कपलर किंवा पिवळी नळी दिसली की ते एअरबॅगचं वायरिंग. त्याला हात लागता कामा नये. काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस तार काढलेली असावी, आणि कंपनीचा कपलर कापायचा नाही. गाडीच्या मॉडेलप्रमाणे जोड-कपलर मिळतो, त्याला फार पैसे पडत नाहीत, आणि वॉरंटीच्या वेळी वादाला जागा राहत नाही.

नावाचंही थोडं. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणारे आपण, त्यामुळे जर्मन नाव दिसलं की हात खिशाकडे जातो. ब्लाउपुंक्टने 1932 साली युरोपातला पहिला कार रेडिओ काढला हा इतिहास खरा आहे. पण आज ते नाव वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या कंपन्या परवान्यावर वापरतात. इतर बऱ्याच जुन्या नावांचंही कमी-अधिक असंच. नावापेक्षा त्या विशिष्ट मॉडेलची खोली, ओम, आरएमएस आणि सेन्सिटिव्हिटी बघा.

चाचांनी माझी दोन्ही दारं पुन्हा केली. रिंग, फोम, ब्यूटिल, नवा पडदा, झाळून वर हीट-श्रिंक नळी चढवलेले जोड. क्रॉसओव्हर दारातून काढून डॅशबोर्डच्या आत कोरड्या जागी बांधला. डेकमध्ये 80 हर्ट्झचा हायपास लावला, म्हणजे साडेसहा इंची वूफरला न झेपणारा खालचा भाग त्याच्याकडे जातच नाही आणि मोठ्या आवाजातही तो फाटत नाही. स्पीकर तेच होते.

मग भीमसेन जोशींचा अभंग लावला. दारं तपासायला याहून चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही. पखवाजाचा डावा घुमला पाहिजे, नुसता आपटता कामा नये. टाळ वेगळे ऐकू यावेत पण टोचू नयेत. आणि गाणारा तुमच्या पायाशी बसलेला नको, समोर काचेच्या मधोमध हवा. हे तिन्ही जुळलं की मग गाडी खराब रस्त्यावर न्या, त्यासाठी आपल्याला लांब जावं लागत नाही, आणि कुठली क्लिप खडखडते ते ऐका.

10,000 रुपये हाताशी असतील तर निम्मेच स्पीकरवर घाला. उरलेले रिंग, डॅम्पिंग, कपलर आणि फिटरच्या मजुरीसाठी ठेवा, आणि मजुरीत घासाघीस करू नका. घासाघीस केली की तो वेळ कापतो. मागचे स्पीकर, बेसट्यूब वगैरे नंतर बघता येईल. डोअर पॅड बंद करण्याआधी आतला फोटो तुमच्या मोबाइलवर काढून घ्या. पैसे देण्याआधी दोन्ही काचा पूर्ण खाली-वर करून बघा. आणि कंपनीचे जुने स्पीकर दुकानात सोडून येऊ नका. कपलर कापलेला नसेल तर गाडी विकताना ते परत बसतात, आणि तुमचे नवे पुढच्या गाडीत जातात.