समुद्रतळावरची पाइपलाइन कोण तपासणार?

८ ऑक्टोबर २०२३ ला फिनलंड-एस्टोनियाला जोडणाऱ्या बाल्टिककनेक्टर गॅस पाइपलाइनमधला दाब एकदम उतरला. ७७ कि.मी.ची लाइन बंद! पुढे तळावर एका जहाजाचा नांगर सापडला. गॅस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२४ उजाडला. बिघाड झाल्याचं प्रेशर गेजने सांगितलं. पण नेमकं काय झालं ते बघायला खालीच जावं लागतं.

दर १० मीटर खोलीला दाब सुमारे १ अ‍ॅटमॉस्फिअरने वाढतो. त्यामुळे पाणबुड्याच्या कामाला मर्यादा येते. म्हणून दोन यंत्रं वापरतात. आरओव्ही केबलने जहाजाला जोडलेला असतो. वीज खाली जाते, व्हिडिओ वर येतो आणि यांत्रिक हाताने व्हॉल्व्हसुद्धा फिरवता येतो. एयूव्हीला केबल नसते, तो बॅटरीवर चालतो.

मग एयूव्ही रिमोटने का चालवत नाहीत? कारण खाऱ्या पाण्यात रेडिओ लहरी लगेच विरतात, जीपीएसही मिळत नाही. उरतो तो आवाज, वेग साधारण १५०० मी./सेकंद. यंत्र ३ कि.मी. दूर असेल तर प्रश्न जायला २ सेकंद, उत्तर यायला २ सेकंद. तेवढ्यात ते पुढे गेलेलं असतं! म्हणून निर्णय त्यालाच घ्यावा लागतो.

एक सोपं गणित करू. समजा, अंतर मोजण्यात ०.१ टक्का चूक होते. २० कि.मी. गेल्यावर चूक २० मीटर, आणि पाइपचा व्यास जेमतेम अर्धा मीटर! म्हणजे नुसत्या नकाशावर भागत नाही. सोनार आणि कॅमेऱ्याने पाइप सतत ‘धरून’ ठेवावा लागतो.

तपासायचं काय? पहिलं, प्रवाहाने खालची वाळू वाहून गेली की पाइप अधांतरी राहतो, भोवऱ्यांमुळे थरथरतो आणि फटीगने तडा जाऊ शकतो. दुसरं, स्टील वाचवण्यासाठी स्वतः झिजणारे अ‍ॅनोड किती उरलेत. तिसरं, पोचे आणि गळती.

मात्र आतून गंजलेला पाइप बाहेरच्या कॅमेऱ्याला धडधाकटच दिसतो! त्यासाठी पाइपच्या आतून ‘पिग’ नावाचं यंत्र सोडतात. एकाच रिपोर्टवर विसंबून राहू नये, हाच धडा.

आपल्या मुंबई हायचा गॅसही समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधूनच उरणला येतो. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, या कामात सगळ्या ब्रँचेसना जागा आहे. तेव्हा प्रोजेक्टचा विषय शोधत असाल, तर एकदा पाण्याखाली डोकावून बघा!