पिकअपला मोठे टायर घालण्याआधी



हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की आपल्या बऱ्याच घरांतली पिकअप भाजीपाल्याच्या वाहतुकीला लागते. टोमॅटो, कोबी, कांदा भरून आपली मुले नाशिकहून रात्री निघतात, कसारा घाट उतरतात आणि भिवंडी, अंजूरफाटा, कामण, चिंचोटी या मार्गाने पहाटे वसई-विरार गाठतात. अलीकडे त्यांच्यापैकी काहींनी आम्हाला एकच प्रश्न विचारला : "चाकं कंपनीचीच ठेवून टायर तेवढा मोठा टाकला तर चालतंय का?"

प्रश्न दिसायला लहान आहे. पण गाडीवर कर्ज आहे आणि स्टिअरिंगवर घरचा पोरगा आहे. म्हणून तो नीट समजून घ्यावा असे ठरवून आम्ही एका सभासदाच्या मुलाबरोबर त्याच्याच गाडीत बसून वसईला गेलो. त्याने महिन्यापूर्वीच चारही टायर बदलले होते. कुणाच्या तरी जीपगाडीचे काढलेले, फारसे न झिजलेले, रुंद टायर स्वस्तात मिळाले म्हणून घातले. गाडी ऐटदार दिसत होती, यात शंका नाही. मात्र घाट उतरताना वळणावर ती डोलत होती, आणि माल भरलेला असताना स्टिअरिंग पूर्ण वळवले की आतून घासल्याचा आवाज येत होता.

माल उतरवून वसई फाट्याजवळ एका टायरवाल्या मिस्त्रींकडे गेलो. तिथे वसईच्या पश्चिम पट्ट्यातले एक बागायतदार काका आधीच बसलेले होते. केळी, पालेभाजी आणि फुले घेऊन त्यांची पिकअप दादरला जाते. त्यांनाही मोठे टायरच हवे होते. मात्र दोघांची कारणे वेगळी. आमच्या पोराला वाटे, मोठ्या टायरवर माल जास्त बसतो. काकांना वाटे, मोठ्या टायरने पावसाच्या पाण्यातून गाडी निघते. मिस्त्रींनी दोघांनाही खडूने फरशीवर हिशेब मांडून दाखवला. तोच इथे देत आहोत.

१. टायरवरची अक्षरे वाचावीत कशी?

पोराच्या जुन्या टायरवर '२१५/७५ आर १५' असे होते. २१५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची ही रुंदीच्या ७५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. नव्या टायरवर '२३५/७५ आर १५' होते. रिम १५ इंचीच, म्हणून टायर चढला. 'चढला म्हणजे बसला' असे आपण समजतो, आणि पहिली चूक इथेच होते.

जुन्या टायरची एकूण उंची ७०३.५ मिलिमीटर, नव्याची ७३३.५. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे सव्वाचार टक्क्यांचा.

२. रिमची रुंदीही पाहा

रिमवर व्यासाबरोबर रुंदीही ठोकलेली असते. या गाडीच्या रिमवर '५.५ जे × १५' होते, म्हणजे रुंदी साडेपाच इंच. २१५/७५ आर १५ या टायरला साडेपाच ते सात इंच रुंदीची रिम चालते. २३५/७५ आर १५ ला किमान सहा इंच लागते. अरुंद रिमवर रुंद टायर घातला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, बाजू फुगतात आणि वळणावर गाडी डोलते. घाटातल्या डोलण्याचे एक कारण हे होते. मूळ चाके ठेवायची असतील तर टायर किती रुंद घ्यायचा हे रिम ठरवते, आपली हौस नाही.

३. वजन पेलण्याचा आकडा

आता सर्वांत महत्त्वाचे. मापापुढे आणखी एक आकडा असतो, तो भार-निर्देशांक. जुन्या टायरवर १०६/१०३ होता. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. १०६ चा अर्थ एका टायरवर ९५० किलो. नव्या, रुंद टायरवर आकडा होता १०५, म्हणजे ९२५ किलो.

पोरगा म्हणाला, "असं कसं? टायर तर मोठा आहे!"

मिस्त्री म्हणाले, "दादा, वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. तुझा जुना टायर मालगाडीचा. त्याचा सांगाडा दणकट, तो साठ पौंडांच्या वर हवा धरतो. हा टायर माणसं बसायच्या गाडीचा. पस्तीस-छत्तीस पौंडांवर त्याचा पूर्ण भार धरलेला आहे. तू यात साठ भरतोस की पस्तीस?"

पोराने मान खाली घातली. तो सवयीने जुन्या टायरइतकीच हवा भरत होता.

मागच्या दोन टायरांचा हिशेब करू. जुने दोन मिळून १,९०० किलो, नवे दोन मिळून १,८५०. शिवाय प्रवासी गाडीचा टायर मालवाहू गाडीला लावला तर त्याचा भार १.१० ने भागून धरावा, असा अमेरिकेतल्या टायर-मानकांचा नियम आहे. त्या हिशेबाने एक टायर ८४१ किलोचा ठरतो आणि दोन मिळून १,६८२. म्हणजे पैसे मोजून मागच्या आसावरची ताकद दोनशे किलोंनी कमी केली, आणि वर 'आता दोन क्रेट जास्त बसतील' असा विचार! आणि टायर कितीही दणकट असला तरी पाटे, आस आणि ब्रेक जुनेच असतात. नोंदणी पुस्तकात लिहिलेले वजन टायर बदलून वाढत नाही. आपल्या जुन्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको. टायरगाडीत मोळ्या जास्त रचल्या तर चाक तक्रार करत नाही, बैलाची मान करते.

४. काटा, गिअर आणि ब्रेक

टायर सव्वाचार टक्के मोठा झाला की चाक एका फेरीत तेवढे जास्त अंतर कापते. काटा आधी बरोबर होता असे धरले तर तो ६० दाखवताना खरा वेग साडेबासष्ट असतो. काट्यावर १०० किलोमीटर झाले तर खरे अंतर १०४ होते. म्हणून 'ॲव्हरेज पडलं' असे वाटते. त्यातले थोडे खरे असते आणि थोडे नुसते काट्याचे. चढाला ओढ कमी पडते. उताराला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवते, ती पकडही तेवढीच ढिली होते. ब्रेकला जोर जास्त लावावा लागतो. सपाटीवर हे जाणवणार नाही. कसारा घाटात भरल्या गाडीला जाणवते.

५. आणि पाण्याचे काय?

काकांचा प्रश्न खरा होता. वसईत पाणी साचले म्हणजे काय होते ते सर्वांनी पाहिले आहे. जुलै २०१८ मध्ये रुळांवर पाणी येऊन वसई-विरारची लोकलसुद्धा बंद पडली होती. पण टायरची उंची ३० मिलिमीटरने वाढली तरी गाडी उचलली जाते तिच्या निम्मी, १५ मिलिमीटर. मिस्त्रींनी काकांच्या बोटाची जाडी मोजली आणि म्हणाले, "काका, एवढंच!" गुडघाभर पाण्यात एका बोटाने काय होणार? पाणी इंजिनच्या हवा ओढण्याच्या नळीत गेले की टायर लहान असो की मोठा, खर्च सारखाच. काका हसले आणि कंपनीच्याच मापाचे नवे टायर सांगून गेले. पावसात टायरच्या उंचीपेक्षा त्याच्या खाचा जपाव्यात. नियमाने चारचाकीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच लागते. आमचा सल्ला असा की तिथवर वाट पाहू नये.

६. तरीही बदलायचेच असतील तर

(१) दरवाजाजवळची पट्टी किंवा गाडीचे पुस्तक पाहून कंपनीने कोणती मापे मान्य केली आहेत ते बघा. त्यातलेच माप घ्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत परस्पर फेरफार करण्यास मनाई आहे. विम्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो.
(२) भार-निर्देशांक जुन्याइतका किंवा जास्त असावा, कमी कधीच नको. टायर मालवाहू प्रकारचाच घ्या.
(३) रिमची रुंदी टायरला चालते का, हे दुकानदाराला टायर कंपनीच्या तक्त्यात दाखवायला सांगा.
(४) माल भरून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का ते तपासा. रिकाम्या गाडीवरची तपासणी फसवी असते.
(५) एका आसावर दोन मापे नकोत. स्टेपनीही त्याच मापाची हवी, आणि ती खालच्या जागेत बसते का तेही पाहा.
(६) जुना टायर घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २२१९ म्हणजे २०१९ सालचा बाविसावा आठवडा. खाच शिल्लक असली तरी जुने रबर कडक होते.

आमच्या पोराने त्याच दिवशी मागचे दोन टायर उतरवून मालवाहू टायर घातले, आणि पुढच्या फेरीत पुढचे दोन. स्वस्तात मिळालेले रुंद टायर तोट्यात विकले. परतताना घाट चढताना तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, घरी आबांना तोटा सांगा, पण हवेचं सांगू नका." आम्ही आबांना दोन्ही सांगितले. आबा रागावले नाहीत. त्यांनी वही काढून चारही टायरवरचे आकडे लिहून घेतले.

सभासदांनी आज संध्याकाळी एवढेच करावे. बॅटरी घेऊन गाडीजवळ बसा, टायरवरचे माप, भार-निर्देशांक आणि शिक्का, तसेच रिमची रुंदी वहीत उतरवून घ्या. टायर घ्यायला जाल तेव्हा ती वही खिशात असू द्या.