बूस्ट तेवढंच, हवा जास्त

"काका, बूस्ट कंपनीचंच ठेवलंय. मग इंजेक्टर कशाला बदलायचे?" सांता क्लारात नोकरीला आलेली आपली मुलं हौसेने जुनी टर्बो गाडी घेतात, तिला मोठा टर्बो बसवायचा बेत करतात आणि हमखास हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण याच समजुतीवर तयार केलेली एक गाडी माझ्याकडे आली होती आणि तिचं इंजिन माझ्या डोळ्यांदेखत सुटं झालं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

गाडी २.५ लिटरची, चार सिलिंडरची जपानी सेडान. टर्बो आधीच्या मालकाने बदललेला, पण मूळ जागीच बसणारा आणि दिसायलाही मूळ टर्बोसारखाच. इंजेक्टर मात्र कंपनीचेच, मिनिटाला ५५० सीसी सोडणारे. विक्रीच्या वेळी नियमाप्रमाणे स्मॉगचं प्रमाणपत्र होतं. आता २००० सालापासूनच्या गाड्यांची स्मॉग तपासणी म्हणजे मुख्यतः गाडीच्या संगणकाला जोडणी करायची आणि बॉनेट उघडून पाहायचं. पूर्ण बूस्टवर गाडी तिथे कुणी पळवत नाही. लॉरेन्स एक्स्प्रेसवेवरून रोज ये-जा करतानाही काही जाणवत नव्हतं, कारण सावकाश चालवताना ईसीयू, म्हणजे तोच संगणक, ऑक्सिजन सेन्सरकडे बघून मिश्रण सारखं सावरून घेतो. पेडल तळाला टेकलं की बहुतेक गाड्यांत हे सावरणं थांबतं आणि ईसीयू फक्त तक्त्यात लिहिलेल्या आकड्यांवर चालतो. दोष लपतो तो इथेच.

गाडी ऑइल खायला लागली तेव्हा मला शंका आली आणि मी ती डायनोवर चढवून घेतली. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावला. ३,५०० आरपीएमला हवा-इंधनाचं प्रमाण ११.२, म्हणजे टर्बो गाडीला हवं तसं. ५,००० पर्यंत तसंच राहिलं. पुढे आकडा वर सरकू लागला, म्हणजे इंधन कमी पडू लागलं. ११.८, १२.४, मग १३ च्याही वर. चालवणाऱ्याने लगेच पाय उचलला. लॉग पाहिला तर इंजेक्टरची ड्यूटी, म्हणजे तो उघडा राहण्याचा वेळ, १०० टक्क्यांना टेकलेली आणि बूस्ट अगदी कंपनीच्या आकड्यावर. प्लग काढले, तेव्हा चार नंबरच्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपुडीसारखे बारीक करडे ठिपके होते. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम. इंजिन उघडल्यावर त्याच पिस्टनची दोन रिंगांमधली कडा नखाएवढी तुटलेली निघाली.

बूस्ट गेज दाब दाखवतं, हवेचं वजन नाही. हे एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पुढचं सगळं सोपं जातं. २५ अंशांची हवा दाबून दुप्पट दाबाला नेली की ती सहज १०० अंशांपलीकडे तापते. इंटरकूलर त्यातली बरीच उष्णता काढतो, सगळी नाही. छोटा टर्बो त्याच्या आवाक्याबाहेर फिरवला तर हवा आणखी तापते, आणि तापलेली हवा विरळ असते. मोठा कॉम्प्रेसर तोच दाब कमी तापवून देतो. शिवाय मोठी टर्बाइन एक्झॉस्टला कमी अडवते, त्यामुळे सिलिंडर नीट रिकामा होतो आणि ताजी हवा जास्त भरते. म्हणजे गेजवर तोच आकडा दिसत असला तरी आत जाणारी हवा जास्त, आणि तिला लागणारं पेट्रोलही जास्त.

किती जास्त, हे कागदावर मांडता येतं. टर्बो पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरावर दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण २७० ग्रॅम इंधन धरावं. ३५० अश्वशक्तीला ताशी साडेचौऱ्याण्णव किलो झालं, म्हणजे मिनिटाला सुमारे २,१३० सीसी. चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी ५३० च्या वर. ५५० चा इंजेक्टर एवढं देताना जवळजवळ बंदच होत नाही. ६,००० आरपीएमला एका चक्राला २० मिलिसेकंद मिळतात आणि इंजेक्टरची सुई उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद जातो. व्होल्टेज उतरलं की त्याहून जास्त. म्हणून ड्यूटी ८० टक्क्यांवर थांबवायची. या हिशेबाने ६६५ सीसीचा इंजेक्टर लागतो. ई८५ वापरणार असाल तर आकारमानाने सुमारे ३० टक्के जास्त इंधन धरा.

मग हजार सीसीचेच घेऊन टाकू, असंही काही जण म्हणतात. घ्या, पण त्यांचा प्रवाह आणि वेगवेगळ्या व्होल्टेजला उघडायला लागणारा वेळ हे दोन्ही आकडे ईसीयूत भरून घ्या. हे आकडे ज्याच्यासोबत मिळत नाहीत तो इंजेक्टर स्वस्त मिळाला तरी नको. पंपाकडेही बघा. रेलमधला दाब बूस्टबरोबर वाढतो. ३ बारच्या रेलवर १.४ बार बूस्ट आलं की पंपाला ४.४ बारला ढकलावं लागतं आणि त्या दाबाला त्याचा प्रवाह घटतो. पाकिटावरचा लिटरचा आकडा कमी दाबाचा असू शकतो.

ऑक्टेनबाबत आपली माणसं नेहमी गोंधळतात. कॅलिफोर्नियात पंपावर प्रीमियम बहुधा ९१ मिळतं. इतर अनेक राज्यांत ९३ असतं, त्यामुळे तिकडच्या कुणाचा तयार ट्यून इथे जसाच्या तसा चालवू नका. पुण्यात वर्षानुवर्षं ऐकलेला ९१ चा आकडा रॉन या मापाचा आहे. इथला आकडा रॉन आणि मॉन या दोन मापांची सरासरी आहे, म्हणून इथलं ९१ त्याहून वरचं. तरी मोठ्या बूस्टला ते कमीच पडतं आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप अवेळी पेटणं, सुरू होतं. हे दुखणं जुनंच आहे. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिलने जेटफायर ही टर्बो गाडी काढली, तेव्हा नॉकिंग आवरायला तिला शुद्ध पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी द्यावी लागली होती. तीही जेमतेम एक तृतीयांश बार बूस्टला.

कायद्याचं आधी बघा, पैसे नंतर द्या. कॅलिफोर्नियात बदललेल्या टर्बोसारख्या भागाला एअर रिसोर्सेस बोर्डाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक लागतो, तोही तुमच्याच मॉडेलसाठी. जुलै २०२१ पासून स्मॉग तपासणीत ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललंय का, हेही पाहतात. माझ्या गाडीतल्या टर्बोला तो क्रमांक नव्हता. इंजिन बांधून घेताना मी मूळ टर्बो आणि मूळ ट्यून परत बसवला, आणि हेच करा असं मी रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

कुणी बदललेली गाडी विकत असेल तर त्याच्याकडे अश्वशक्तीचा कागद मागू नका. पूर्ण थ्रॉटलचा लॉग मागा. आरपीएम, बूस्ट, हवा-इंधनाचं प्रमाण, इंजेक्टर ड्यूटी आणि नॉकमुळे मागे घेतलेला टायमिंग एवढे रकाने त्यात हवेत. लॉग नसेल तर स्वतः पैसे भरून डायनो आणि चारही सिलिंडरांची लीक-डाउन चाचणी करून घ्या. विकणारा त्यालाही तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.