धम्म कोणता आणि बुवाबाजी कोणती?

नवदीक्षित बंधू-भगिनींनो,

दीक्षा घेऊन आपण घरी आलो, देव्हारा उतरविला, भिंतीवर भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर लावली की गावाकडच्या भावकीतून एक प्रश्न हमखास येतो : "तुम्ही म्हणे कुठल्याशा पंथात गेलात?" या प्रश्नाने चिडून जाऊ नका. विचारणाऱ्याचा हेतू काहीही असो, प्रश्न मोलाचा आहे. ज्याला त्याचे उत्तर देता येत नाही, तो उद्या घरात आजारपण आले की दुसऱ्याच एखाद्या बाबाच्या पायाशी जाऊन बसतो. म्हणून आज या प्रश्नाचाच अभ्यास करू.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत 'पंथ' आणि 'संप्रदाय' हे शब्द वाईट अर्थाचे नाहीत. महानुभाव हा पंथ आहे, वारकरी हा संप्रदाय आहे. त्यांच्याशी आपले मतभेद आहेत. परंतु वारकरी पंढरीला जातो आणि आपल्या शेतावर परत येतो. त्याला कोणी कोंडून ठेवीत नाही. आपल्याला ओळखावयाची आहे ती निराळी गोष्ट : एका जिवंत माणसाभोवती जमलेला बंदिस्त गोतावळा, ज्यात त्या माणसाचा शब्द हाच कायदा असतो. लोकभाषेत तिला बुवाबाजी म्हणतात.

ही गोष्ट संख्येवरून ओळखता येत नाही. बाबांच्या दरबारात लाखो जमतात आणि खऱ्या विहारात कधी दहाच माणसे असतात. ती वयावरूनही ओळखता येत नाही. प्रत्येक धर्म एके काळी नवाच होता. मग कशावरून ओळखावी? चार कसोट्या सांगतो.

पहिली कसोटी : प्रश्न विचारता येतो काय? केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना विचारले की निरनिराळे आचार्य येतात आणि प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? केवळ परंपरा आहे, ग्रंथात आहे किंवा सांगणारा आमचा गुरू आहे एवढ्यावरून मानू नका, अनुभवाने तपासा, असे उत्तर त्यांना मिळाले. वीमंसक सुत्तात तर भगवंतांनी भिक्षूंना खुद्द तथागतालाच पारखून घ्यावयास सांगितले आहे. ज्या बैठकीत शंका विचारणाऱ्याला 'तुझी श्रद्धा कमी पडते' असे सांगून खाली बसवितात, तेथे धम्म नाही, हे पक्के समजा.

दुसरी कसोटी : बाहेर पडता येते काय, आणि जुनी नाती राखता येतात काय? उपाली नावाचा श्रीमंत गृहस्थ निगंठांचा, म्हणजे जैन मुनींचा, उपासक होता. तो वाद घालावयास आला आणि भगवंतांचा उपासक होऊ लागला. भगवंतांनी त्याला घाईने जवळ केले नाही. तुझ्यासारख्या नामवंताने नीट विचार करूनच पाऊल टाकावे, असे ते म्हणाले. आणि आजवर तुझ्या दारी येणाऱ्या निगंठांना भिक्षा देणे थांबवू नकोस, असेही सांगितले. नवदीक्षिताला दिलेला हा केवढा मोठा धडा आहे! संघाचा नियमही तसाच आहे. चीवर उतरवून घरी परत जाण्यास भिक्षू मोकळा असतो.

बाबासाहेबांचे धर्मांतर याच कसोटीवर पाहा. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास त्यांनी घोषणा केली. ३१ मे १९३६ रोजी मुंबईच्या परिषदेत लोकांपुढे सारी कारणे मांडली. प्रत्यक्ष दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास. मधली २१ वर्षे अभ्यासात, चर्चेत आणि वादविवादात गेली. झटक्यात शिष्य करणारा माणूस इतकी वर्षे थांबत नाही.

तिसरी कसोटी : गुरू गेल्यावर काय उरते? शेवटच्या दिवसांत आनंदांना भगवंतांनी सांगितले की तथागताने शिकवण मुठीत झाकून ठेवलेली नाही. त्यांनी वारस नेमला नाही. आपल्यामागे धम्म आणि विनय हेच शास्ते, असे सांगितले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी याच गोष्टीवर भर दिला आहे : बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. मार्ग दाखविणारा गेला तरी मार्ग राहतो. कृपा वाटणारा गेला की त्याच्या गादीसाठी भांडणे सुरू होतात.

चौथी कसोटी : हिशेब उघडा आहे काय? यासाठी आपण बोरीवलीस जाऊ. राष्ट्रीय उद्यानाच्या दरवाजातून सहा-सात किलोमीटर आत कान्हेरीची लेणी आहेत. काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून सुमारे हजार वर्षे तेथे संघाची वसती होती. राजे बदलले, आचार्य बदलले, विहार चालू राहिला. कसा? याचे एक उत्तर भिंतींवर ब्राह्मी लिपीत आहे. कल्याणचा आणि सोपाऱ्याचा व्यापारी, सोनार, लोहार, भिक्षुणी अशा नाना लोकांची दाने तेथे कोरलेली आहेत : कोणी दिले, काय दिले, कशासाठी दिले. कोणी पाण्याची टाकी दिली, कोणी राहण्याची खोली. कोणी अक्षयनीवी, म्हणजे कायमची ठेव, ठेवून तिच्या उत्पन्नातून भिक्षूंच्या चीवरांची सोय केली. एका लेखात ज्या गावच्या शेताचे दान आहे ते गाव म्हणजे आजचे बोरीवलीचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणासही वाचता यावा म्हणून हिशेब दगडावर लिहिला होता. आता ज्या बाबांच्या मठात पावती मागणेही पाप ठरते, तो मठ याच्या शेजारी ठेवून पाहा.

'बुद्धाचे नाव घेतात, म्हणजे धम्मच असेल' या समजुतीत मात्र राहू नका. जपानात शोको असाहारा नावाच्या माणसाने ओम शिनरिक्यो नावाचा गट काढला. त्यात बौद्ध शब्द होते, योग होता, ध्यान होते. अनुयायी घरदार सोडून, मालमत्ता गटाला देऊन आत जात. २० मार्च १९९५ रोजी याच गटाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायू सोडला. डझनाहून अधिक माणसे मेली, हजारो जखमी झाली. २०१८ साली असाहारा व त्याचे साथीदार फाशी गेले. त्या गटात शिकलेसवरलेले शास्त्रज्ञ आणि डॉक्टर होते. पदवीने माणूस वाचत नाही, प्रश्न विचारण्याच्या सवयीने वाचतो.

आपल्या महाराष्ट्राचाही अनुभव आहे. पुण्याच्या कोरेगाव पार्कात १९७४ साली रजनीशांचा आश्रम उभा राहिला. १९८१ साली ते अमेरिकेत ओरेगॉनला गेले. १९८४ साली तेथल्या त्यांच्या वसाहतीतील काही प्रमुखांनी स्थानिक निवडणुकीत आपली सरशी व्हावी म्हणून उपाहारगृहांतील अन्नात जंतू मिसळले. ७५१ माणसे आजारी पडली. त्या गुन्ह्याचा खटला खुद्द रजनीशांवर झाला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण बंदिस्त गोतावळ्यात 'आपण' आणि 'बाहेरचे' अशी भिंत उभी राहिली की बाहेरचा माणूस माणूस वाटेनासा होतो. हे मूळ दुखणे आहे.

आता आपल्या घराकडे वळू. या चार कसोट्या दुसऱ्यांना लावणे सोपे आहे; त्या आपल्यालाही लागू आहेत. बाबासाहेबांच्या तसबिरीला कोणी नवस बोलत असेल, तर त्याने मुक्तिदात्या माणसाचा पुन्हा देव केला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच बजावले होते की राजकारणातली भक्ती आणि विभूतिपूजा अधोगतीकडे व अखेर हुकूमशाहीकडे नेते. आपल्या विहाराच्या कमिटीने वर्षाचा जमाखर्च फळ्यावर लावावा. गोराईच्या विपश्यना पॅगोडात शिबिरास जाल, तेव्हा तेथेही हेच चार प्रश्न मोकळेपणाने विचारा. शिकवणीची फी नाही, दहा दिवसांनी साधक घरी परत जातो, आणि गोएंका गुरुजी २०१३ साली गेल्यानंतरही शिबिरे चालू आहेत, एवढे तर आपणास दिसेल. बाकीचे स्वतः तपासा.

आणि मूल तापाने फणफणत असता 'डॉक्टर नको, अंगारा लावा' असे कोणी सांगेल, तेव्हा कसोट्या आठवत बसू नका. मुलाला उचला आणि दवाखाना गाठा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. या कायद्यासाठी अनेक वर्षे झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. प्रश्न विचारण्याच्या हक्काची किंमत किती मोठी आहे, हे यावरून समजावे.

भावकीला उत्तर काय द्यावयाचे, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. सांगा : "आम्ही जेथे आलो आहोत तेथे प्रश्न विचारता येतो, हिशेब पाहता येतो, नको वाटले तर परत फिरता येते, आणि तुमच्या घरी जेवावयासही येता येते." मग त्यांना घेऊन एखाद्या रविवारी कान्हेरीस जा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न :
१. उपालीला भगवंतांनी घाई का करू दिली नाही?
२. मार्गदाता आणि मोक्षदाता यांत फरक काय?
३. आपल्या विहाराचा गेल्या वर्षाचा जमाखर्च घरातल्या कोणी पाहिला आहे काय? नसेल, तर येत्या पौर्णिमेस विचारावा.

जयभीम!